राजवाड्याबाहेरच्या राजेशाही इमारती: फ्रान्समध्ये कायद्याचं संरक्षण कसं तपासायचं, परवानगी कशी काढायची

व्हर्साय बघून आलेल्या कुणालाही विचारा, आरसेमहाल आणि बागा सांगतील, फार तर कारंजी. पण राजा काही एकटा राहत नव्हता तिथं. त्याचे घोडे, घोड्यांची माणसं, आचारी, माळी, शिकारी कुत्रे सांभाळणारे, फाटकावरचे राखणदार, या सगळ्यांसाठी बांधलेल्या पागा, चाकरांचे वाडे, शेतघरं, शिकारीचे बंगले आणि किलोमीटरच्या किलोमीटर भिंती राजवाड्याभोवती पसरलेल्या होत्या, आणि गंमत म्हणजे काही ठिकाणी राजवाडा गेला तरी या इमारती टिकल्या. मार्लीचा महाल एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडून त्याचा माल विकला, सँ-क्लू १८७० च्या युद्धात जळालं, म्योदाँचा नवा महाल त्याच धामधुमीत १८७१ मध्ये गेला. आजूबाजूचं काहीबाही मात्र उभं राहिलं आणि आज त्यात कुणाचं घर आहे, कुणाचं ऑफिस.

हा लेख अशा इमारतींबद्दल आहे. पॅरिसच्या पश्चिमेला जुन्या गावांत फ्लॅट बघणारे, फाँतेनब्लोला इन्सीड या बिझनेस स्कूलमध्ये शिकायला येऊन तिथंच राहिलेले, किंवा पुण्या-मुंबईत कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्चर शिकताना फ्रान्सचा कायदा एकदा नीट समजून घ्यायचाय असे, सगळ्यांना उपयोग व्हावा. मी वकील नाही, पण या कागदपत्रांमध्ये बरंच डोकं घातलंय, आणि ज्या क्रमानं ते वाचायला हवेत त्याच क्रमानं लिहितोय.

आधीच एक सांगून ठेवतो कारण बहुतेक गोंधळ इथंच होतो. इमारत राजाची होती म्हणून फ्रान्समध्ये तिला आपोआप संरक्षण मिळत नाही (याला एक अपवाद आहे, तो पुढे येईलच). एजंट 'रॉयल इस्टेटचा भाग' म्हणाला, दारावर पाटी आहे, विकिपीडियावर पान आहे, यातलं काहीही कायद्यात मोजलं जात नाही. मोजला जातो तो सरकारी आदेश, ज्याला तिथं आरेते म्हणतात, आणि त्या आदेशात नेमकं काय लिहिलंय ते. पूर्ण इमारत, की फक्त दर्शनी भिंत आणि छप्पर, की एक जिना आणि दोन खोल्या. पुढची सगळी धडपड तो आदेश शोधायची आणि नीट वाचायची.

मालकी कुणाची ते बघा, कारण नियम त्यावरून बदलतात

थोडा इतिहास लागेल, कंटाळू नका. १५६६ च्या मूलाँच्या राजाज्ञेनं ठरलं की राजगादीची मालमत्ता विकता येणार नाही. राजालासुद्धा नाही, कारण ती राजाची खाजगी नाही, गादीची आहे. राज्यक्रांतीत १७९० मध्ये हे उलटं केलं: मालमत्ता राष्ट्राची झाली आणि राष्ट्र कायदा करून ती विकू शकेल असं ठरलं. मग विक्रीचा सपाटाच लागला. त्यामुळे एकाच जुन्या इस्टेटीचे आज तीन प्रकारचे तुकडे सापडतात: सरकारनं ठेवलेला गाभा, एखाद्या खात्याकडे नाहीतर नगरपालिकेकडे गेलेला भाग, आणि खाजगी झालेला भाग.

शाँबोरचं उदाहरण घ्या. १८२१ मध्ये देशभर वर्गणी काढून ही इस्टेट विकत घेतली आणि बोर्दोच्या छोट्या ड्यूकला भेट दिली, मग ती त्याच्या वारसांकडे गेली आणि १९३० मध्ये सरकारनं विकत घेतली. आज ३२ किलोमीटरच्या भिंतीच्या आतली सगळी जमीन, गावासकट, सरकारी आहे. गावातले लोक भाडेकरू! उलट व्हर्साय शहरात राजाच्या काळातल्या कितीतरी इमारती खाजगी सोसायट्या झाल्यात.

तर पहिलं काम म्हणजे सरकारी कादास्त्र म्हणजे जमिनीच्या नकाशा-नोंदींच्या साइटवर पत्ता टाकून प्लॉटचा सेक्शन आणि नंबर लिहून घ्या. फुकट आहे. आपल्याकडे जमिनीचं काहीही करायचं तर आधी सात-बारा बघतो, तसंच हे, फक्त इथं मालकाचं नाव दिसत नाही. मालकी हवी तर जमीन-नोंदणी कार्यालयाकडे फॉर्म भरून थोडी फी देऊन उतारा मागवायचा. प्लॉट नंबर जपून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागतो, आणि जुन्या आदेशातला नंबर आजच्या नंबराशी जुळतोच असं नाही, कारण मधल्या काळात प्लॉट तुटतात, जोडले जातात, सेक्शनची अक्षरंसुद्धा बदलतात.

आदेश शोधणं

सुरुवात सांस्कृतिक मंत्रालयाच्या 'पॉप' पोर्टलवरून. त्यात मेरिमे नावाचा इमारतींचा डेटाबेस आहे, प्रॉस्पेर मेरिमेच्या नावावरून, जो १८३४ पासून ऐतिहासिक वास्तूंचा इन्स्पेक्टर जनरल होता. गावाचं नाव टाका, इमारतीचं नाव टाका, नाहीतर नुसतं 'कोमँ' टाका, म्हणजे चाकरवर्गाच्या इमारती, 'एक्युरी' टाका म्हणजे पागा.

नोंद सापडली की आधी तिचा नंबर बघायचा. पी-ए नं सुरू होत असेल तर इमारत संरक्षित आहे. आय-ए नं सुरू होत असेल तर ती फक्त वारसा-सर्वेक्षणात नोंदवलीय, म्हणजे अभ्यासकांनी येऊन पाहिलं, फोटो काढले, वर्णन लिहिलं आणि गेले, कायद्याचं बंधन शून्य. लोक आय-एची सुंदर लांबलचक नोंद बघून खूश होतात आणि पी-एच्या दोन ओळींच्या नोंदीकडे लक्षच देत नाहीत, जेव्हा की सगळं वजन त्या दोन ओळींत असतं.

त्या दोन ओळी अशा काहीतरी असतात: 'अमुक रस्त्यावरच्या इमारतीच्या दर्शनी भिंती आणि छपरं, कादास्त्र सेक्शन अमुक, प्लॉट अमुक, अमुक तारखेच्या आदेशानं नोंदित.' याचा अर्थ आतली लाकडी जमीन, फायरप्लेस, भिंतीवरची लाकडी पॅनेलं या आदेशात नाहीत. पण हा आनंद लगेच साजरा करू नका, कारण अख्खं शहर दुसऱ्या प्रकारच्या संरक्षणात असू शकतं आणि तिथं आतलंही येऊ शकतं. त्याबद्दल खाली.

मेरिमे डेटाबेस हे सोयीचं साधन आहे, कायदेशीर पुरावा नाही. खरा आदेश हवा तर द्राकला लिहायचं, म्हणजे सांस्कृतिक मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय, आणि त्यातही ऐतिहासिक वास्तूंचा विभाग. ईमेलमध्ये प्लॉट नंबर, मेरिमे नंबर, पत्ता द्या आणि आदेशाची प्रत आणि असल्यास संरक्षणाचा नकाशा मागा. मिळतो. वेळ लागतो पण मिळतो. जुने आदेश कधी एका पानाचे असतात आणि त्यांत 'जुनी पागा' एवढंच लिहिलेलं असतं, मग त्यात आजची कुठली भिंत येते यावरून वाद होतो, आणि तेव्हा सोबतचा नकाशाच कामाला येतो.

तिसरी पायरी, जी एजंट कधीच सांगत नाही: शहर-नियोजनाचं राष्ट्रीय पोर्टल, जेओपोर्ताय. तिथं प्लॉटवर क्लिक केलं की त्याच्यावरची बंधनं कोडमध्ये दिसतात. एसी-१ म्हणजे ऐतिहासिक वास्तू आणि तिचा परिसर, एसी-२ म्हणजे १९३० च्या कायद्याखालची निसर्ग-स्थळं, एसी-४ म्हणजे संरक्षित जुनं शहर. राजेशाही इस्टेटींच्या बाबतीत ही तिन्ही एकावर एक चढलेली सापडली तर दचकू नका. व्हर्सायच्या पश्चिमेकडचं शेतीचं मैदान २००० साली स्थळ म्हणून संरक्षित झालं, म्हणजे तिथल्या जुन्या शेतघराला हात लावताना एसी-२ पण आडवं येणार.

क्लासे आणि अँस्क्री, फरक कुठे पडतो

ऐतिहासिक वास्तूंच्या संरक्षणाचा मूळ कायदा ३१ डिसेंबर १९१३ चा, त्याआधी १८८७ चा एक कच्चा कायदा होता. आता सगळं वारसा-संहितेत आहे. देशभरात अशा साधारण ४५ हजार वास्तू आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच खाजगी मालकीच्या आहेत, जे आपल्या लोकांना ऐकून धक्का बसतो.

या संरक्षणाच्या दोन पायऱ्या आहेत. क्लासे ही वरची पायरी. मंत्री आदेश काढतो, राष्ट्रीय आयोगाचं मत घेऊन, आणि मालकाची संमती लागते. मालक नाही म्हणाला तर सरकारला काँसेय देताचं, म्हणजे सरकारला सल्ला देणाऱ्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाचं, मत घेऊन हुकूम काढून जबरदस्तीनं करावं लागतं. अँस्क्री म्हणजे 'नोंदित', ही खालची पायरी, तो आदेश प्रदेशाचा प्रेफे म्हणजे तिथला सरकारचा प्रतिनिधी काढतो, प्रादेशिक आयोगाचं मत घेऊन, आणि इथं मालकाची संमती लागत नाही. हो, बरोबर वाचलंत. तुमच्या इमारतीला अँस्क्री करायला तुमची परवानगी लागत नाही.

क्लासे इमारत पाडता येत नाही, हलवता येत नाही, एकही दुरुस्ती परवानगीशिवाय नाही, शेजाऱ्याला तिला टेकून नवं बांधकाम करायचं तर त्यालाही खास परवानगी लागते. शिवाय कितीही वर्षं कब्जा असला तरी कब्ज्याच्या जोरावर कुणी तिचा मालक होत नाही. अँस्क्रीमध्ये पद्धत वेगळी आहे. ज्या कामाला बांधकाम-परवाना किंवा पूर्वघोषणा (छोट्या कामाआधी नगरपालिकेला द्यायची सूचना) लागते त्याला द्राकची मान्यता हवी, आणि ज्या कामाला असला कुठलाच परवाना लागत नाही ते सुरू करायच्या चार महिने आधी कळवायचं. तेवढं कळवलं आणि सरकारला ते पसंत नसलं तर सरकारकडे एकच हत्यार उरतं, इमारत क्लासे करण्याची प्रक्रिया सुरू करणं. हे नियम बनवणाऱ्यानं बुद्धिबळ खेळलेलं असणार असं मला नेहमी वाटतं.

आणखी एक. २०१६ पासून इमारतीला पक्के जोडलेले भाग, म्हणजे कोरीव फायरप्लेस, भिंतीतले आरसे, पॅनेलं, हे 'फर्निचर आहे माझं' म्हणून सोडवून विकायची वाट बरीच अरुंद झालीय. संरक्षित भागातलं असं काहीही काढायच्या आधी लेखी विचारा.

तो अपवाद: राष्ट्रीय इस्टेट

७ जुलै २०१६ च्या कायद्यानं 'दोमेन नास्योनाल' नावाची नवी गोष्ट आणली. देशाच्या इतिहासाशी असाधारण नातं असलेली आणि निदान काही भाग तरी सरकारी मालकीचा असलेली स्थावर मालमत्ता. २०१७ च्या पहिल्या यादीत शाँबोर, लूव्र आणि त्विलरी, पो, आँजेचा किल्ला, एलिझे राजवाडा आणि स्ट्रासबुर्गचा ऱ्हाइन राजवाडा होते. नंतर यादी वाढलीय, त्यामुळे लेजिफ्रांस या कायद्यांच्या सरकारी साइटवर ताजा हुकूम बघा, आणि प्रत्येक इस्टेटीची हद्द नकाशावर दिलेली असते ती बघा, नावावर जाऊ नका.

या हद्दीच्या आत मात्र संरक्षण आपोआप लागतं. सरकारी भाग पूर्णपणे क्लासे होतो, विकता येत नाही, आणि देखभाल, पर्यटकांची सोय, जुनी वास्तू पुन्हा उभारणं, कलाकृती किंवा परिसर खुलवणं अशा ठरावीक कारणांशिवाय तिथं नवं बांधता येत नाही. म्हणजे १५६६ ची ती जुनी कल्पना साडेचारशे वर्षांनी मागच्या दारानं परत आली म्हणा ना. हद्दीतला खाजगी किंवा नगरपालिकेचा भाग, आधीच क्लासे नसेल तर, पूर्णपणे अँस्क्री होतो, आणि तो विकायला काढला तर सरकारला आधी कळवावं लागतं, सरकार स्वतः आधी घेऊ शकतं. तुम्ही खरेदीदार असाल तर याचा सरळ अर्थ: करार झाला तरी सरकारचं उत्तर येईपर्यंत घर तुमचं नाही.

यूट्यूबर्स आणि प्री-वेडिंगवाल्यांसाठी थोडं आडवळण. राष्ट्रीय इस्टेटीतल्या इमारतीचा फोटो धंद्यासाठी वापरायचा तर तिथल्या व्यवस्थापनाची आगाऊ परवानगी लागते. याचं मूळ असं की एका बिअर कंपनीनं २०१० मध्ये जाहिरातीत शाँबोरचं चित्र वापरलं, शाँबोरवाल्यांनी पैसे मागितले, भांडण कोर्टात गेलं. २०१८ मध्ये काँसेय देतानं निकाल कंपनीच्या बाजूनं दिला, कारण जाहिरात केली तेव्हा असा कायदाच नव्हता. पण तोवर २०१६ चा कायदा आला होता आणि संविधान परिषदेनं त्याला हिरवा कंदील दिला होता. बातमी, शिक्षण, संशोधन, कला यांना सूट आहे. तुमच्या साडीच्या ब्रँडच्या शूटला नाही.

तुमची इमारत संरक्षित नसली तरी: ५०० मीटर

हे सगळ्यात जास्त लोकांना लागू होतं आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं. १९४३ पासून प्रत्येक ऐतिहासिक वास्तूभोवती ५०० मीटरचा परिसर संरक्षित आहे. त्यातलं जे काही त्या वास्तूवरून दिसतं, किंवा त्या वास्तूसोबत एका नजरेत दिसतं, त्याच्या बाहेरच्या बदलांना एबीएफची संमती लागते. एबीएफ म्हणजे सरकारी वारसा-आर्किटेक्ट, जिल्ह्याच्या उदाप कार्यालयात बसतो. अलीकडे बऱ्याच गावांत हा गोल काढून टाकून त्याजागी नीट आखलेली हद्द लावतात, मग त्या हद्दीत दिसण्या-न दिसण्याचा प्रश्नच उरत नाही, सगळ्यांना संमती लागते.

आता मेख अशी की ५०० मीटर मोजायचे ते संरक्षित भागापासून. राजवाड्याच्या घुमटापासून नव्हे. जुन्या उद्यानाची भिंत किंवा दूरवरचं एखादं फाटक स्वतंत्रपणे संरक्षित असेल तर तिथून ५०० मीटर. म्हणून राजवाड्यापासून खूप लांब राहणारा माणूस 'माझा काय संबंध' म्हणत खिडक्या बदलतो आणि पत्र येतं. व्हर्सायची तर गोष्टच न्यारी, १९६४ च्या हुकुमानं तिथला परिसर साधारण ५ किलोमीटरपर्यंत नेला.

आपल्याकडच्या लोकांनी हे आपल्या पुरातत्व कायद्यासारखं समजू नये. आपल्याकडे राष्ट्रीय स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित, शनिवारवाड्याभोवतीच्या लोकांना विचारा. फ्रान्सच्या ५०० मीटरमध्ये बंदी नाही, परवानगी आहे. बांधता येतं, पण कसं दिसेल ते एबीएफ ठरवतो. माझ्या मते ही पद्धत जास्त शहाणपणाची आहे, पण एक माणूस आणि त्याची नजर यावर खूप काही टांगलेलं राहतं हेही खरं.

आणि संरक्षित जुनी शहरं, एसी-४ वाली. १९६२ च्या मालरो कायद्यापासून ही कल्पना आहे. व्हर्सायसारख्या ठिकाणी जिथं सविस्तर जतन-आराखडा आहे तिथं आराखड्यात घरागणिक नियम असतात, आणि आतली कामं, जिने, पार्टिशनसुद्धा त्यात येऊ शकतात. घर घ्यायच्या आधी मेरीत म्हणजे नगरपालिकेत जाऊन तो रंगीत नकाशा बघा. तुमचं घर कुठल्या रंगात आहे यावर सगळं ठरतं.

आता प्रत्यक्ष काम करायचंय

अर्ज लिहायच्या आधी भेट घ्या. उदापचे लोक ठरावीक दिवशी भेटतात, बरेचदा मेरीतच बसतात. जाताना चारही बाजूंचे फोटो, रस्त्यावरून लांबून काढलेले फोटो, जुनी पोस्टकार्डं मिळाली तर ती (फ्रान्समध्ये १९०० च्या आसपासची पोस्टकार्डं जवळपास प्रत्येक गावाची मिळतात), आणि तुमची कल्पना एका कागदावर. आर्किटेक्टची चकचकीत थ्री-डी चित्रं पहिल्या भेटीत नकोत. ती बघितली की समोरच्याला वाटतं सगळं ठरवूनच आलेत, मग तो सावध होतो.

पॅरिसभोवतालच्या राजेशाही चाकर-इमारतींमध्ये साधारण काय अडतं ते सांगतो. भिंतींना चुना आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा जुना गिलावा असतो, त्यावर सिमेंट चोपडायचं म्हटलं तर नकार, आणि नकार बरोबर आहे, कारण सिमेंटमागे ओल अडकते आणि दगड भुरभुरतो. पीव्हीसीच्या खिडक्या जवळपास नाहीच. बाहेरून थर्मल इन्सुलेशन नाही. शटरचे डबे दर्शनी भागावर नाहीत. रस्त्यावरून दिसणारी सोलर पॅनेलं अवघड, मागच्या उतारावर किंवा जोडइमारतीवर बोलणी होऊ शकतात. छपरावर स्लेट असेल तर स्लेट, चपटी कौलं असतील तर कौलं, मिक्स करायचं नाही.

कागदांचा मार्ग असा आहे. इमारत क्लासे असेल तर साधा बांधकाम-परवाना चालत नाही, वारसा-संहितेखालची वेगळी परवानगी, तिचा वेगळा सेर्फा म्हणजे छापील सरकारी फॉर्म, निर्णय प्रेफेकडून, आणि सहा महिने धरून चाला. दुरुस्तीचं डिझाइन कुणाही आर्किटेक्टला करता येत नाही. सरकारी इमारतीला ऐतिहासिक वास्तूंचा मुख्य आर्किटेक्टच, आणि खाजगी मालकाला २००९ पासून थोडी मोकळीक आहे, तो वारसा-दुरुस्तीचं खास शिक्षण (पॅरिसमधल्या शायोच्या वारसा-आर्किटेक्चर शाळेची पदवी वगैरे) आणि दहा वर्षांचा अनुभव असलेला आर्किटेक्ट निवडू शकतो. आपल्याकडची मुलं शायोला जायचा विचार करत असतील तर हे त्यामागचं व्यावहारिक कारण आहे. काम चालू असताना द्राकची माणसं येऊन बघणार, फी नाही, पण ती म्हणतील तेव्हा थांबावं लागतं.

अँस्क्री असेल तर फाइल मेरीत टाकायची, ती तिथून द्राककडे जाते. फक्त परिसरात असाल तर नेहमीचीच पूर्वघोषणा किंवा परवाना, पण एक महिना जास्त धरायचा: पूर्वघोषणेला एकाऐवजी दोन महिने, घराच्या परवान्याला दोनाऐवजी तीन. कंत्राटदाराला ॲडव्हान्स देण्याआधी ही तारीख कॅलेंडरवर घाला. गटार साफ करणं, दोन घसरलेली कौलं तशीच परत बसवणं अशी रोजची देखभाल या सगळ्याच्या बाहेर आहे, पण 'देखभाल' आणि 'काम' यांची सीमा तुमची तुम्ही ठरवू नका, उदापला एक ईमेल टाका आणि उत्तर जपून ठेवा.

नकार आला तर? एबीएफच्या मतामुळे नकार आला असेल तर दोन महिन्यांत प्रदेशाच्या प्रेफेकडे अपील करायचं, कोर्टात जायच्या आधी हे करावंच लागतं. खरं सांगायचं तर अपीलापेक्षा दुसरी भेट जास्त कामाची. 'तुम्हाला काय चालेल' असं थेट विचारलं तर फ्रेंच अधिकारी आश्चर्यकारकपणे मोकळेपणानं सांगतात.

सोसायटीत फ्लॅट असेल तर या सगळ्याच्या आधी सर्वसाधारण सभेचा ठराव. दर्शनी भिंत आणि छप्पर सामायिक असतं. एकट्यानं केलेला अर्ज म्हणजे शेजाऱ्यांशी आयुष्यभराचं वैर.

पैसा

द्राक अनुदान देऊ शकतं, क्लासेला जास्त, अँस्क्रीला कमी, पण तो हक्क नाही आणि परवानगीच्या आधी, कामाच्या आधी मागायचं असतं. काम सुरू केलं की विषय संपला.

टॅक्समध्ये मात्र खरा फायदा आहे. संरक्षित वास्तूचा मालक दुरुस्तीचा खर्च त्याच्या एकूण उत्पन्नातून वजा करू शकतो, आणि इतर घरांना असलेली मर्यादा इथं नाही. अट अशी की १५ वर्षं ठेवायची. स्वतः राहत असाल, काही उत्पन्न नसेल आणि लोकांना बघायला उघडी नसेल तर अर्धाच खर्च धरतात, उघडी असेल तर पूर्ण. 'उघडी' म्हणजे वर्षाला ५० दिवस, त्यातले २५ सुट्टीचे दिवस एप्रिल ते सप्टेंबरमध्ये, किंवा मग जुलै ते सप्टेंबर या काळात ४० दिवस. संरक्षित शहरातल्या साध्या जुन्या इमारतीत, जी भाड्यानं द्यायचीय, मालरो योजनेत ३० किंवा २२ टक्के टॅक्स-सूट, चार वर्षांत चार लाख युरोंच्या खर्चापर्यंत. सोसायटीत विभागलेल्या संरक्षित इमारतीच्या बाबतीत जास्तीच्या अटी आहेत, तिथं एजंटच्या ब्रोशरवर विसंबू नका, टॅक्स सल्लागाराचे पैसे वाचवू नका.

खरेदी करताना

विकणाऱ्यानं संरक्षण आहे हे सांगणं बंधनकारक आहे, आणि विक्री झाल्यावर १५ दिवसांत सरकारला कळवणंही त्याचंच काम. नोतेरकडून, म्हणजे खरेदीखत करणाऱ्या अधिकृत कायदेतज्ज्ञाकडून, आदेशाची प्रत करारात जोडून घ्या, आणि 'मागच्या मालकानं केलेली कामं परवानगीनं झालीत' याचे कागद मागा. व्हेलक्सच्या खिडक्या छपरात दिसल्या आणि त्यांचा परवाना सापडत नसेल तर ती डोकेदुखी तुमच्या नावावर येणार.

विकणारं सरकार किंवा नगरपालिका असेल आणि इमारत क्लासे असेल तर विक्रीआधी वारसा खात्याला कळवून दोन महिने मत द्यायला वेळ द्यावा लागतो. ती पायरी चुकवली तर पाच वर्षांपर्यंत विक्री रद्द होऊ शकते. सरकार आता बहुतेकदा विकत नाही, दीर्घ मुदतीनं देतं. व्हर्सायमधला १६८१ चा ग्राँ कोंत्रोल, जिथं राजाच्या अर्थखात्याचा प्रमुख बसायचा, तिथं २०२१ पासून आलिशान हॉटेल आहे आणि मालकी सरकारचीच.

संरक्षण नाहीये आणि मिळवायचंय

अर्ज कुणीही करू शकतं, मालकच पाहिजे असं नाही, संस्था, नगरपालिका, ज्याचा संबंध आहे तो. द्राकला सविस्तर फाइल द्यायची: आजचे फोटो, मोजमापं, नकाशा, आणि इतिहास. इतिहासात 'राजेशाही होती असं म्हणतात' चालत नाही. राजघराण्याच्या बांधकामाचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात ओ-१ मालिकेत आहेत. क्रांतीनंतर विकलेल्या मालमत्तेचे कागद जिल्हा अभिलेखागाराच्या क्यू मालिकेत, विक्रीच्या कागदात इमारतीचं वर्णन असतं, खोल्या, छप्पर, कुणी घेतली, सगळं. पॅरिसभोवतीसाठी राजाच्या शिकारीचे अठराव्या शतकातले नकाशे आहेत, त्यात एकेक फाटक आणि शेतघर दिसतं, आणि नंतरचं नेपोलियनच्या काळातलं कादास्त्र. हे तीन एकावर एक ठेवून तुमची इमारत तिन्हींत एकाच जागी दाखवता आली तर अर्धी लढाई झाली. उरलेली अर्धी म्हणजे आजच्या इमारतीत जुनं किती शिल्लक आहे, त्यासाठी छपराच्या लाकडी सांगाड्याचे फोटो हमखास काढा, तळमजला सगळेच बदलतात, माळ्यावर कुणी जात नाही.

फाइल प्रादेशिक आयोगासमोर जाते, वेळ लागतो. उद्याच पाडापाडी होणार असेल तर मंत्र्याकडे तातडीनं क्लासे करण्याच्या प्रक्रियेची मागणी करायची. मंत्र्यानं मालकाला तसं कळवलं की त्या क्षणापासून क्लासेचे सगळे परिणाम लागू होतात, १२ महिन्यांसाठी. आणि द्राक म्हणालं की राष्ट्रीय पातळीची नाही, तर हताश होऊ नका, नगरपालिकेच्या नियोजन आराखड्यात अशा इमारतींना नावानिशी संरक्षण देता येतं, मग पाडायला परवाना लागतो. छोट्या फाटकघरांना आणि भिंतींच्या तुकड्यांना बहुतेकदा हीच जागा मिळते आणि माझ्या मते ती वाईट नाही, कारण मेयरला ती रोज रस्त्यात दिसते.

क्लासे इमारत मालक मुद्दाम पडू देत असेल तर सरकार त्याला दुरुस्तीचा हुकूम देऊ शकतं, पण खर्चातला निदान अर्धा वाटा सरकारनं उचलायचा असतो, म्हणून हे हत्यार फार कमी बाहेर निघतं. कुणी संरक्षित इमारतीची तोडफोड करताना दिसलं तर फोटो, तारीख, वेळ आणि प्लॉट नंबर लिहून त्याच दिवशी उदाप आणि मेरी दोघांना ईमेल करा, फोनवर थांबू नका. संरक्षित वास्तूची जाणूनबुजून नासधूस केली तर सात वर्षं कैद आणि एक लाख युरो दंडापर्यंत शिक्षा आहे, आणि तक्रार करायला तुम्ही फ्रेंच नागरिक असायची गरज नाही.